दातांना तारा असताना एनॅमल कसे जपावे?

कोथरूडची_आई

माझ्या मुलीला पुढच्या महिन्यात दातांना तारा बसवायच्या आहेत. ती आठवीत आहे. तपासणीच्या वेळी दातांचे माप, एक्स-रे आणि छायाचित्रे घेण्यात आली आणि दात कोणत्या क्रमाने सरकतील हेही नीट समजावण्यात आले. मात्र दातांचा पृष्ठभाग या सगळ्या काळात कसा सांभाळायचा, याविषयी "नीट घासत जा" यापलीकडे काही बोलणे झाले नाही. ओळखीतल्या एका मुलाच्या तारा नुकत्याच काढल्या. त्याचे दात सरळ झाले आहेत, पण वरच्या दातांवर जिथे चौकोनी तुकडे चिकटवलेले होते, त्यांच्या कडेने खडूसारख्या पांढऱ्या रेषा राहिल्या आहेत. हे तारांमुळे होते, चिकटवण्यापूर्वी लावतात त्या अॅसिडमुळे होते, की स्वच्छता कमी पडल्यामुळे होते? आणि ते टाळायचे असेल तर तारा बसण्याच्या आधीपासून काय करायला हवे? ज्यांनी हे उपचार घेतले आहेत किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दंतरेषा

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा दंतवैद्य, आहे. आपला प्रश्न उपचारापूर्वी आला आहे याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक पालक हाच प्रश्न तारा निघाल्यावर विचारतात आणि तेव्हा उरलेले उपाय मर्यादित असतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम एनॅमलविषयी, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाविषयी. वजनाने पाहिले तर त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे तुटलेले किंवा झिजलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. मात्र त्यातली खनिजे विरघळून बाहेर जाणे आणि लाळेतून परत आत येणे ही देवघेव आयुष्यभर चालू असते. दातावर साचलेल्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या थराचा पीएच (आम्लतेचे माप, जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागते. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर हा पीएच काही मिनिटांतच कोसळतो आणि पूर्वपदावर यायला बराच वेळ घेतो. साधारण अर्धा ते एक तास धरावा. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलीने दिवसभरात किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. जेवणानंतर एकदाच खाल्लेला लाडू दाताला तितका त्रास देत नाही, जितका दुपारभर थोडाथोडा चाललेला बिस्किटांचा पुडा किंवा घोट घोट घेतलेले सरबत देते.

आता तारांकडे येऊ. तार किंवा ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला चौकोनी तुकडा) यांतून दाताला अपाय करणारे काही झिरपत नाही. ब्रॅकेटमुळे फक्त अशा जागा निर्माण होतात जिथे थर साचतो आणि ब्रश, जीभ, गाल, लाळ यांपैकी काहीच नीट पोहोचत नाही. त्यांतली सर्वात धोक्याची जागा म्हणजे ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी. वरच्या पुढच्या दातांवर, विशेषतः मधल्या दोन दातांच्या शेजारच्या दातांवर, डाग अधिक दिसतात, तर खालच्या पुढच्या दातांवर कमी दिसतात, कारण जिभेखालच्या ग्रंथींची लाळ खालच्या दातांना सतत धूत असते. गोरेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तारा लावलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या किमान एका दातावर असा पांढरा डाग आढळला होता. तारा न लावलेल्यांमध्येही असे डाग होते, पण सुमारे एक चतुर्थांश जणांमध्ये. म्हणजे धोका खरा आहे, पण तो अटळ नाही, आणि उरलेल्या निम्म्यांचे दात स्वच्छ राहिले होते, हेही लक्षात घ्यावे.

हे डाग यायला वर्ष-दोन वर्षे लागतात, असा समज आहे. ब्रश जिथे पोहोचतच नाही अशा जागी खनिज कमी होऊन चार आठवड्यांतही डाग दिसू शकतो. दोन भेटींमधला काळ साधारण तेवढाच असतो. म्हणून पहिल्या महिन्यात स्वच्छतेची जी घडी बसते ती फार मोलाची असते.

अॅसिडविषयी आपण विचारले आहे. एनॅमलवर अॅसिड लावून ते खरखरीत करण्याची पद्धत बुओनोकोर यांनी १९५५ साली मांडली. आज सहसा ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिड १५ ते ३० सेकंद लावून धुऊन टाकले जाते. त्यामुळे पृष्ठभागाचा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर बदलतो. पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूचे एनॅमल साधारण एक मिलिमीटरपर्यंत जाड असते, हे पाहता ती हानी नगण्य आहे. पांढऱ्या चौकटींचे कारण ते नव्हे. ब्रॅकेटच्या कडेने बाहेर आलेले जादा चिकटद्रव्य मात्र त्याच वेळी साफ करायला हवे, कारण त्याच्या खरखरीत कडेवर थर लवकर धरतो. डॉक्टरांनी ते काढले आहे का, हे आपण निःसंकोच विचारावे.

तारा बसवण्यापूर्वी तीन गोष्टी व्हायला हव्यात असे माझे ठाम मत आहे. पहिली, सर्व किडलेले दात भरून घ्यावेत आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते आधी थांबवावे. दुसरी, दात कोरडे करून जवळून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे आधीपासून असलेले डाग आणि नंतर आलेले डाग यांत घोळ होणार नाही. ओला दात सुरुवातीचा डाग लपवतो, हवेने वाळवला की तो दिसतो. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, मूल तारांशिवाय दात नीट घासते का हे दोन-तीन भेटींत पाहावे. ते जमत नसेल तर तारा पुढे ढकलाव्यात. दात वाकडे असणे सहसा काही महिने थांबू शकते.

सातपूर_नाशिक

दंतरेषा यांनी कारणे सांगितली आहेत. मी पालक म्हणून रोजच्या व्यवहारातले लिहितो. माझ्या मुलाच्या तारा याच वर्षी निघाल्या आणि दातांवर एकही डाग नाही.

आम्ही घासण्याची मुख्य वेळ रात्री ठरवली होती, कारण झोपेत लाळ कमी होते आणि त्या वेळी दातावर काही राहिले तर ते रात्रभर राहते. तारांसाठी मधले केस आखूड असलेला ब्रश मिळतो, तो तारेवरून आणि ब्रॅकेटवरून फिरतो. पण खरे काम केले ते बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या दिसणाऱ्या बारीक इंटरडेंटल ब्रशने. तो तारेच्या खालून वर आणि वरून खाली घालून प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना फिरवायचा. सुरुवातीला मुलगा कंटाळत असे, म्हणून आम्ही औषधांच्या दुकानातून थर रंगवणाऱ्या गोळ्या आणल्या. गोळी चघळून चूळ भरली की राहिलेला थर गडद रंगाचा दिसतो, आणि तो नेहमी त्याच ठिकाणी दिसे: हिरडीलगतच्या पट्टीत. एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर त्याला सांगावे लागले नाही.

शाळेच्या डब्यात पोळी-भाजी, थालीपीठ, उसळ असे पदार्थ देत होतो आणि डबा खाल्ल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरायला सांगत होतो. शाळेत ब्रश नेणे त्याला अवघड वाटले, तेव्हा आम्ही त्याचा आग्रह धरला नाही. चिक्की, तिळाचे कडक लाडू, उसाचे कांडे आणि अख्खे कणीस मात्र पूर्ण बंद ठेवले होते. त्यांनी ब्रॅकेट निघतो, ब्रॅकेट निघाला की उपचार लांबतो, आणि तारा जितका काळ दातावर राहतात तितका धोका वाढतो.

वणी_यवतमाळ

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या जिल्ह्यातील अनेक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि माझ्या भाचीच्या दातांवर लहानपणापासून पांढरे आणि फिकट तपकिरी पट्टे आहेत. तिला तारा सुचवल्या आहेत. अशा दातांवर ब्रॅकेट टिकतात का? आणि जिचे दात फ्लोराइडमुळेच असे झाले, तिने तारा असताना फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी का? घरातील सर्वांना याची भीती वाटते.

दंतरेषा

ही भीती अगदी समजण्यासारखी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काम केलेल्या प्रत्येक दंतवैद्यासमोर हा प्रश्न येतो.

दातांचा फ्लोरोसिस हा दात जबड्यात घडत असताना पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडमुळे होतो. अक्कलदाढ सोडली तर दातांच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाचे एनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून पूर्ण होते. त्यानंतर टूथपेस्टमधील फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावरच काम करते आणि आपल्या भाचीच्या दातांवर नवे पट्टे आणू शकत नाही. ती थुंकून टाकली की पोटात जाणारे प्रमाणही अगदी अल्प असते. म्हणून तारा असलेल्या किशोरवयीन मुलीने फ्लोराइडची टूथपेस्ट जरूर वापरावी. घरात लहान भावंडे असतील तर त्यांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी किंवा वाटाण्याएवढी पेस्ट, वयाप्रमाणे, आणि मोठ्यांची देखरेख हवी. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालणारे मानले जाते. पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि ते जास्त असेल तर घरातील मुलांसाठी तरी दुसरा स्रोत शोधावा.

ब्रॅकेट टिकतात, पण अशा एनॅमलचा बाहेरचा थर अॅसिडला दाद देत नाही, त्यामुळे अॅसिड अधिक काळ लावावे लागते किंवा पृष्ठभाग आधी हलका खरवडावा लागतो. फ्लोरोसिस जितका तीव्र तितके ब्रॅकेट निघण्याचे प्रमाण अधिक. अशा रुग्णांची आधीची छायाचित्रे तर अत्यावश्यक आहेत. फ्लोरोसिसचे पट्टे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि आडवे पसरलेले असतात, तर तारांच्या काळात आलेला डाग ब्रॅकेटच्या कडेला किंवा हिरडीलगत कोपऱ्यात बसतो. पुढे वाद होऊ नये म्हणून हा फरक आधीच कागदावर आणलेला बरा.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या मुलीचे उपचार इथल्या सरकारी आरोग्य सेवेतून झाले. पहिल्या भेटीत दातांची स्वच्छता पुरेशी नाही असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले आणि ती सुधारल्याशिवाय तारा बसवल्या गेल्या नाहीत. तेव्हा मला राग आला होता. आज मला तो नियम योग्य वाटतो.

इथे मोठ्यांच्या साध्या टूथपेस्टमध्ये सहसा १,४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते. धोका अधिक असेल तर दंतवैद्य दहा वर्षांवरील मुलांना २,८०० आणि सोळा वर्षांवरील मुलांना ५,००० पीपीएमची पेस्ट चिठ्ठीवर देतात. आणखी एक सवय इथे आवर्जून शिकवली जाते: घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच पाण्याने चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. भारतात सुट्टीला गेलो की घरातले मोठे लोक तिला चूळ भरायला लावत आणि तिला हे प्रत्येकाला समजावावे लागे.

दंतरेषा

चूळ न भरण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तो फारसा कोणी सांगत नाही. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडला १,००० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापणे बंधनकारक आहे. म्हणून ट्यूब हातात घेऊन वाचावी. आयुर्वेदिक किंवा नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसते. एरवी कोणाची आवड काहीही असो, तारा असलेल्या दातांसाठी ती पेस्ट पुरेशी नाही. लाल मंजन, कोळशाची पूड आणि राखुंडी यांतील खरखरीत कण एनॅमल घासतात आणि ब्रॅकेटभोवती अडकतात. मिश्रीत तर तंबाखू असतो. हे सर्व या काळात वर्ज्य समजावे.

पेस्टच्या जोडीला रोज एकदा ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचे माउथवॉश घेता येते, शक्यतो घासण्याच्या वेळेव्यतिरिक्त दुसऱ्या वेळी. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश वेगळे. ते हिरड्यांच्या सुजेसाठी थोड्या दिवसांपुरते देतात, सतत वापरल्यास दातांवर तपकिरी डाग आणते.

दवाखान्यात करण्यासारखा उपाय म्हणजे फ्लोराइड वॉर्निश, दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रत्येक भेटीला वॉर्निश लावलेल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्क्यांना आणि न लावलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना नवे डाग आले होते. नंतरच्या सर्व चाचण्यांत इतका मोठा फरक दिसला नाही, त्यामुळे वॉर्निश लावले म्हणून घासण्यात ढिलाई करावी असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांचे दात सहज किडतात त्यांच्यासाठी मात्र मी ते आग्रहाने सुचवतो.

वास्तू_मुंबई

मी नोकरीला लागल्यावर तारा लावून घेतल्या होत्या. त्या काढल्यावर वरच्या चार दातांवर पांढरे डाग राहिले. उपचारादरम्यान त्यांच्याविषयी मला काहीच सांगितले गेले नव्हते. पुढे रेझिन इन्फिल्ट्रेशन नावाची प्रक्रिया करून घेतली आणि तीन दातांवरचे डाग जवळजवळ दिसेनासे झाले. चौथ्या दातावरचा पुसट झाला, पण आहे. ज्यांच्या तारा निघाल्या आहेत त्यांना याचा उपयोग होईल, म्हणून दंतरेषा यांनी या प्रक्रियेविषयी लिहावे.

दंतरेषा

आपल्याला आधी कल्पना दिली जायला हवी होती. डाग दिसताच तो रुग्णाला आरशात दाखवणे हे आमच्या कामाचाच भाग आहे.

डाग पांढरा दिसतो कारण खनिज गेल्याने एनॅमलच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म छिद्रे तयार होतात आणि त्यांतील हवा व पाणी प्रकाश विखुरतात. पातळ पंचा ओला झाला की त्यातून पलीकडचे दिसू लागते, तसेच इथे घडवले जाते. वरचा थर अॅसिडने उघडून त्या छिद्रांत अतिशय पातळ रेझिन (नंतर घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य) शोषून घेऊ दिले जाते. त्यातून प्रकाश एनॅमलप्रमाणेच वाकत असल्याने डाग आजूबाजूच्या रंगात मिसळतो. जर्मनीत विकसित झालेली ही पद्धत २००९ पासून दवाखान्यांत उपलब्ध आहे. खोल डागांवर तिचा परिणाम अपुरा राहतो, आपल्या चौथ्या दाताप्रमाणे.

तारा निघाल्याबरोबर कोणतीही प्रक्रिया करण्याची घाई करू नये. थर साचणे थांबल्यावर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट आपले काम सुरू करतात आणि पहिल्या काही महिन्यांत बरेच डाग आपोआप फिके होतात. दर्शनी दातांवरील डागांवर या काळात तीव्र फ्लोराइड लावणेही मी टाळतो, कारण त्याने वरचा थर लवकर कडक होतो आणि आतला पांढरेपणा तसाच अडकून राहतो. रोजची साधी फ्लोराइड पेस्ट पुरे. दुधातील केसिनपासून बनवलेली कॅल्शियम-फॉस्फेटची मलमे मिळतात. त्यांचा लाभ काही जणांना होतो, मात्र दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्यांनी ती वापरू नयेत. तीन ते सहा महिने थांबून मग उरलेल्या डागांचे काय करायचे ते ठरवावे.

कोथरूडची_आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन प्रश्न आहेत. मुलीला दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट हवे आहेत, त्याने एनॅमलला काही फरक पडतो का? आणि मध्येच डाग दिसू लागले तर काय करतात?

दंतरेषा

सिरॅमिक एनॅमलपेक्षा कठीण असते. चावताना वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत असतील तर वरच्या दातांच्या कडा झिजतात, म्हणून अशा रुग्णांत मी खाली धातूचेच ब्रॅकेट लावतो. काढतानाही सिरॅमिक अधिक जपून काढावे लागते. पारदर्शक अलायनर (तारांऐवजी दातांवर घालायचे प्लास्टिकचे साचे) काढून दात घासता येतात ही त्यांची जमेची बाजू आहे, पण ते घालून कोकम सरबत, लिंबू सरबत किंवा शीतपेय प्यायले तर गोड-आंबट द्रव दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये कोंडला जातो आणि लाळ तिथे पोहोचत नाही. ते घातलेले असताना फक्त साधे पाणी प्यावे. जागा करण्यासाठी दोन दातांमधले एनॅमल पट्टीने घासण्याची वेळ येणार असेल, तर किती आणि कुठे, हे उपचारापूर्वी विचारून घ्यावे. प्रत्येक दाताच्या बाजूला साधारण पाव मिलिमीटरपर्यंत आणि नंतर गुळगुळीत करून घेतल्यास ते सुरक्षित मानले जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांना आवडत नाही, तरीही लिहितो. पहिला डाग दिसला की मी मुलाला आणि पालकांना तो एकत्र दाखवतो, तार काढून दात पूर्ण स्वच्छ करतो, वॉर्निश लावतो आणि पुढची भेट लवकरची देतो. दोन-तीन भेटींत फरक पडला नाही तर वरच्या दातांची तार काही महिने काढून ठेवतो. तरीही सुधारणा नसेल तर ठरलेला परिणाम साधण्यापूर्वीच उपचार थांबवावा लागतो. किंचित वाकडे पण निरोगी दात मला सरळ पण किडलेल्या दातांपेक्षा केव्हाही बरे वाटतात. आपल्या डॉक्टरांचे याविषयी धोरण काय आहे ते तारा बसवण्यापूर्वीच विचारा आणि संमतीपत्रात लिहून घ्या.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून वापरायचे साधन, मिळेल. काढता येणारा असेल तर तो रोज साध्या थंड पाण्यात मऊ ब्रशने धुवावा, गरम पाणी वापरू नये, आणि दात घासल्याशिवाय तोंडात घालू नये. दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार असेल तर तिच्याखालून धागा ओवून रोज स्वच्छ करावे, कारण खालच्या पुढच्या दातांच्या मागे दगडासारखा पिवळा थर तिथेच सर्वात लवकर जमतो.